मुलगी कांडी पळवते

येवल्याच्या पैठणीवरच्या त्या माहितीपटात सुरुवातीची दीड-दोन मिनिटं कुणी बोलतच नाही. हातमागाची खटखट, बाहेरून गेलेली एखादी मोटारसायकल, शेजारच्या घरातला रेडिओ. बघणाऱ्याला तेवढ्यात बरंच काही कळून जातं. घर जुनं आहे, मागाने जवळजवळ अख्खी खोली व्यापली आहे, विणणारा माणूस साठीच्या पुढचा आहे, साडी अर्ध्याच्या वर विणून झाली आहे. पडदा बंद करून ऐकलं तर उरतं काय? खटखट, मोटारसायकल आणि रेडिओ.

मी व्हिडिओ एडिटर. पुण्यात बसून छोट्या संस्थांचे माहितीपट, प्रशिक्षणाचे व्हिडिओ, हंगामात लग्नाचेसुद्धा, असं मिळेल ते काम करते. लोककला आणि खाद्यपरंपरांवर काम करणाऱ्या एका संस्थेचे व्हिडिओ बरीच वर्षं माझ्याकडे येतात. त्यांनी ठरवलं की जुन्यांपैकी निवडक व्हिडिओ दृष्टिहीनांसाठी ऑडिओ डिस्क्रिप्शन घालून पुन्हा काढायचे. अनुदान देणाऱ्यांनी तशी अट घातली होती, हे खरं कारण. कारण काही का असेना, काम सुरू झालं.

ऑडिओ डिस्क्रिप्शन म्हणजे संवादांच्या मधल्या रिकाम्या जागेत बोलणारा आणखी एक आवाज. पडद्यावर जे घडतंय पण कानाला कळत नाही, तेवढंच तो सांगतो. ओटीटीवर भाषा निवडायला गेलात तर काही मालिकांना हा पर्याय यादीत दिसतो. मी स्वतः शिकण्यासाठी इंग्रजी आणि हिंदीतलं जमेल तितकं ऐकलं. मराठीत कान बसावा इतकं मला काही सापडलं नाही, त्यामुळे पुष्कळ गोष्टी करत करतच ठरवाव्या लागल्या.

तपासायला दोघं होते. एक काका, बँकेतून निवृत्त झालेले. रेटिनायटिस पिगमेंटोजामुळे त्यांची नजर हळूहळू जात चाळिशीच्या सुमारास पूर्ण गेली. दुसऱ्या एक संगीतशिक्षिका, जन्मापासून दृष्टी नसलेल्या. माझ्यापेक्षा लहान, तरी त्यांना सगळे ताईच म्हणतात म्हणून मीही म्हणते. दोघांनाही मानधन ठरलं होतं. हे मुद्दाम सांगते, कारण असल्या कामात दृष्टिहीन माणसाला बोलावून, चहा पाजून, ‘तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ म्हणत फुकटात राबवून घ्यायची आपल्याकडे पद्धत आहे.

पहिल्या बैठकीत मी काहीच लिहून नेलं नव्हतं. मूळ फिल्म तशीच लावली आणि दोघांना सांगितलं, जिथे अडेल तिथे थांबवा. एडिटरने फिल्मच्या आधी प्रश्न ऐकावेत, असं माझं आता मत झालंय. काकांचा पहिला प्रश्न: “घरात बसलोय की कारखान्यात?” ताईंचा: “माग हाताने चालतोय की पायाने?” मग मुलाखत सुरू झाली. विणकर सांगत होते की वडिलांनी त्यांना मागावर बसवलं तेव्हा ते शाळकरी होते, आणि सांगता सांगता मध्येच मोठ्याने हसले. काकांनी हात वर केला. “हसले का?”

हसले, कारण त्यांच्या मागून नात आली आणि टोपलीतली रेशमाची कांडी, म्हणजे धागा गुंडाळलेली छोटी नळी, उचलून पळाली. आवाज काहीच नाही. हे दृश्य ठेवण्यासाठी तेव्हा मी दिग्दर्शकाशी भांडले होते, कारण फिल्ममधली सगळ्यांत लोभस जागा तीच आहे. आता प्रश्न असा की विणकरांचं वाक्य संपतं आणि हसू फुटतं, यांच्या मध्ये मोजून दोन सेकंद आहेत. वर्णन हसण्याच्या आधी यायला हवं. नंतर आलं तर तो विनोद समजावून सांगितल्यासारखा होतो.

मी लिहिलं, ‘मागून एक लहान मुलगी येते आणि टोपलीतली कांडी घेऊन पळते.’ पाच सेकंद. मग ‘एक लहान मुलगी कांडी घेऊन पळते.’ तीन. शेवटी राहिलं, ‘मुलगी कांडी पळवते.’ टोपली गेली, ‘लहान’ गेलं. ताई म्हणाल्या, “कांडी पळवणारी मुलगी लहानच असणार ना, मोठी कशाला पळवेल?” पण त्यासाठी कांडी म्हणजे काय, हे आधी कळलेलं हवं. म्हणून सुरुवातीच्या त्या मोकळ्या दोन मिनिटांत एक वाक्य टाकलं: ‘मागाशेजारी टोपलीत रंगीत रेशमाच्या छोट्या कांड्या.’ तिथे पेरलं, इथे उगवलं. असा हिशेब पुढे सगळीकडेच करावा लागला. जिथे जागा आहे तिथे जास्तीचं सामान भरून ठेवायचं आणि अडचणीच्या जागी त्यातलं वापरायचं.

लिहिण्याची पद्धत साधी आहे. शीटमध्ये चार रकाने: रिकामी जागा कुठे सुरू होते, कुठे संपते, किती सेकंद, मजकूर काय. मराठी नीट, न धावता बोलायचं तर सेकंदाला दोन शब्द बसतात. अडीच धरले की श्रोत्याला धाप लागते. क्रिया वर्तमानकाळात. ‘आपल्याला दिसतं’, ‘कॅमेरा पुढे सरकतो’ असलं काही नाही, ऐकणारा कॅमेऱ्यासाठी आलेला नाही. पडद्यावर उमटणारी अक्षरं, म्हणजे माणसाचं नाव, गाव, शेवटची श्रेयनामावली, सगळी वाचायची. मुलाखत देणाऱ्याचं नाव खाली पट्टीवर येतं आणि तोंडाने कुणीच घेत नाही, हे तर प्रत्येक माहितीपटात असतं. आणि मत द्यायचं नाही. ‘सुंदर’, ‘विलोभनीय’, ‘डोळ्यांचं पारणं फेडणारं’ वगैरे बंद. ‘विणकर भावुक होतात’ हेही नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला असेल तर ‘चष्मा काढून पुसतात’ म्हणायचं.

याच्या पुढे मात्र मराठीने स्वतःची कोडी घातली. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी. ‘विणकर उजव्या हाताने ताणलेल्या उभ्या धाग्यांमधून धोटा सरकवतात’ (धोटा म्हणजे आडवा धागा नेणारं साधन) या वाक्यात नेमकी घटना शेवटच्या शब्दात आहे, आणि पुढचा संवाद अर्धा सेकंद लवकर सुरू झाला तर नेमकी तीच बुडते. दुसरं कोडं आदरार्थी बहुवचनाचं. ‘विणकर धोटा फेकतात’, एक की अनेक? बघणाऱ्याला प्रश्नच नाही, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मागांची रांग उभी राहू शकते. ‘विणकर धोटा फेकतो’ म्हटलं तर एवढ्या वयाच्या माणसाला अरे-तुरे केल्यासारखं. काकांची हरकत नव्हती, संस्थेतल्या बाईंची होती. तोडगा दोन्हींवर एकच निघाला: क्रियापदच टाळायचं. ‘वयस्कर विणकराच्या हातात धोटा. उभ्या धाग्यांतून डावीकडे. परत उजवीकडे.’ लिहिलेलं वाचताना तुटक वाटतं. मागाच्या खटखटीवर ऐकलं की बरोबर बसतं.

रंगांवरून आमचा बराच वाद झाला. वाद म्हणजे मी आणि ते दोघं. माझ्या डोक्यात होतं की जन्मापासून न पाहिलेल्या माणसाला रंगांची नावं सांगून काय उपयोग, त्यापेक्षा पोत सांगावा. ताईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मी साड्या नेसते. दुकानात जाते. आईला कुठला रंग आवडतो, लग्नात कुठला नेसायचा नाही, हे मला ठाऊक असतं. तुम्ही रंग सांगा, पुढचं माझं मी बघीन.” काकांचं वेगळंच. त्यांना रंग आठवतात, त्यामुळे त्यांना नुसता लाल पुरेना. “लाल कुठला? डाळिंबी की कुंकवाचा?” मग मी मूळ फुटेज पुन्हा उघडून, रंगदुरुस्तीच्या आधीचं, बघून ठरवलं. डाळिंबीच होता.

पैठणीत आणखी एक गंमत असते. उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या, त्यामुळे कापड हललं की रंग पालटतो. शॉट छान होता, हात साडीखालून फिरतो आणि हिरव्यातून जांभळं उमलतं. ‘चमकतं’, ‘झळाळतं’ लिहून काहीच पोचत नव्हतं. शेवटी कारणच सांगितलं: ‘उभे धागे हिरवे, आडवे जांभळे. कापड हललं की कधी हिरवं, कधी जांभळं.’ पदरावरच्या नक्षीलाही तेच केलं. ‘बांगडी मोर’ एवढं नाव घेऊन ज्याला माहीत आहे त्याचंच भागलं असतं, म्हणून ‘बांगडीसारख्या गोलात मोर’. काठावर नारळी, बुट्टीत मुनिया, म्हणजे छोटे हिरवे पोपट. आणि पदर फिल्मच्या शेवटी उलगडतो, तर त्यातले मोर आधी कुठेही सांगायचे नाहीत. डोळस प्रेक्षकाला ते ज्या क्षणी दिसतात, त्याच क्षणी काकांनाही कळले पाहिजेत.

माणसांचं वर्णन हा नाजूक भाग. एकाच्या कपाळावरचं गंध सांगायचं आणि दुसऱ्याच्या डोक्यावरची टोपी गाळायची, किंवा उलट, हे चालणार नाही. सांगायचं तर सगळ्यांचं, गाळायचं तर सगळ्यांचं. सावळा, गोरा हे तर मी मुळातच काढून टाकलं. गोष्टीत त्याचं काही काम असतं तर ठेवलं असतं. वय, बांधा, कपडे आणि हात काय करतायत, एवढ्यावर भागतं. विणकामाच्या फिल्ममध्ये तर हातांवरच.

मिक्सिंगला बसले तेव्हा मी सवयीप्रमाणे वर्णन सुरू झालं की मूळ आवाज खाली नेला. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी ‘ऑटो डक’ नावाची सोय आहे, ती आपणहून बारा डेसिबल खाली ओढते. माझ्या रीपरमध्ये मी हाताने करते, पण आकडा तोच धरला होता. काकांनी ऐकून सांगितलं, “अगं, माग कुठे गेला? तू बोलायला लागलीस की माग बंद पडतो.” बोलताना मुलाखत बुडाली तर चालत नाही, हे मला ठाऊक होतं. मागाचा आवाज हाही मजकूर आहे, हे त्यांच्या बोलण्यातून नीट लक्षात आलं. त्यांच्यासाठी तीच खोली होती. मग संगीत पूर्ण खाली, माग पाच-सहा डेसिबलच खाली, आणि धोट्याच्या ठोक्याच्या मधे मधे शब्द बसवले. ताईंनी तालाचं काम केलं, म्हणजे मांडीवर ठेका धरून मला सांगत गेल्या, इथे बोल, इथे थांब. संगीतशिक्षिका तपासायला असण्याचा हा फायदा.

आवाज माझाच. मूळ निवेदन पुरुषाचं होतं, त्यामुळे वर्णन बाईच्या आवाजात असणं सोयीचं. कोण माहिती देतंय आणि कोण दृश्य सांगतंय, हे पहिल्या शब्दाला कळतं. यंत्राचा आवाज वापरून बघितला होता, स्वस्तात होतं म्हणून. त्याला मराठीतले दोन प्रकारचे च, ज, झ कळत नव्हते. ‘चाळणी’तला च ‘चहा’तल्यासारखा यायचा, ‘झाकण’ म्हणताना तर परकी बाई स्वयंपाकघरात शिरल्यासारखं वाटायचं. तरी ताई म्हणाल्या, माहितीच्या व्हिडिओला यंत्र चालेल, त्या रोज स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, ऐकतात आणि माझ्या दुप्पट वेगाने ऐकतात. गोष्टीला माणूस हवा. रेकॉर्डिंग पहाटे केलं. पुण्यात दिवसा शांतता मागणं म्हणजे हौस.

आता मोदक.

उकडीच्या मोदकांचा व्हिडिओ संस्थेचा सगळ्यांत जास्त बघितला जाणारा. रत्नागिरीकडच्या एक आजी अखंड बोलत मोदक करतात. अखंड, म्हणजे श्वास घ्यायलाही थांबत नाहीत. मला वाटलं होतं, एवढं बोलतात तर वर्णनाचं काम कमी. ऐकल्यावर निघालं ते असं: “आता हे घ्यायचं, असं करायचं, बघा, असं, असं, हां, मग असं वळवायचं, की झालं.” पंधरा मिनिटांत ‘असं’ किती वेळा येतं ते मी मोजायचं सोडून दिलं. दाखवण्याच्या बाबतीत आजी अस्सल शिक्षिका आहेत, हात बोलतात त्यांचे. पण आवाजात एकही सूचना नाही. आणि मध्ये वर्णन घालायला जागा नाही.

अशा वेळी एक उपाय असतो, चित्र गोठवून ठेवायचं, वर्णन पूर्ण करायचं आणि मग व्हिडिओ पुढे न्यायचा. वेबच्या सुगम्यतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यांत साधं ऑडिओ डिस्क्रिप्शन मधल्या पातळीवर येतं, डबल ए, आणि हे थांबवून केलेलं वरच्या पातळीवर, ट्रिपल ए. म्हणजे निकष बनवणाऱ्यांना ही अडचण ठाऊक आहे. आम्ही एक तुकडा तसा करून पाहिला. पारी दाखवताना थांबलो, चुण्या पाडताना थांबलो, मोदक मिटताना थांबलो. व्हिडिओ जवळजवळ दुप्पट झाला आणि आजींच्या बोलण्याची लय पार गेली. काका म्हणाले, “दर दोन वाक्यांनी सिग्नल लागल्यासारखं वाटतंय.”

मग संस्थेच्या बाईंनी सुचवलं, आजींनाच परत बोलू द्या. चित्र तेच, आवाज नवा. मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेले, ताईही आल्या. ताई आजींच्या शेजारी पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, “आजी, मला शिकवा.” आजींनी आधी सवयीने “हे बघ” म्हटलं, मग ताईंकडे बघून थांबल्या, आणि सरळ त्यांचा हात हातात घेतला. पुढचं सगळं मी नुसतं रेकॉर्ड केलं.

“अंगठा आत, बाकीची बोटं बाहेरून. अंगठ्याने दाबत गोळा फिरवायचा. कडा पातळ, मधे जाड राहू दे, नाहीतर सारणाने फाटतो. बोट तेलपाण्यात बुडव आधी. आता अंगठा आणि पहिलं बोट, कडेला चिमटीत धर, मधल्या बोटाने मागून रेट. ही एक चुणी. तिच्या शेजारी बोटभर सोडून दुसरी. बोटभर नको, अर्धं बोट. खालपर्यंत ने चुणी, नुसती कडेला नको. आता सगळ्या एका दिशेला झोपव आणि वर गोळा करत आण.” ताईंनी विचारलं, उकड झाली हे कसं ओळखायचं? व्हिडिओत आजी म्हणतात, “अशी चमक आली की झालं.” इथे म्हणाल्या, “ओला हात लाव. चिकटली नाही की मळायला घे.” आणि वाफवलेल्या मोदकाचं? “तेच. पाण्याचं बोट लावून बघायचं. चिकटत नाही म्हणजे शिजला. मी रात्री दिवे गेले की तसंच करते.”

हा नवा आवाज जुन्या चित्रावर बसवताना नाकी नऊ आले, कारण आजी आता दीडपट जास्त बोलत होत्या. काही ठिकाणी चित्र हळू केलं, काही ठिकाणी पातेल्याचे, मोदकपात्राचे शॉट जास्त ठेवले. बाहेरून वर्णन फक्त तीन-चार जागी लागलं: सुरुवातीला ओट्यावर काय काय मांडलंय ते, आणि शेवटी हळदीच्या पानावर मांडलेले मोदक. संस्थेने मग जुना काढून सगळ्यांसाठी हाच ठेवला. खालच्या प्रतिक्रियांत कुणी दृष्टिहीनांचा उल्लेखही केला नाही. ‘पहिल्यांदा कळलं चुण्या कशा पाडायच्या’ असंच लोक लिहीत होते.

हरिश्चंद्रगडाचा व्हिडिओ त्यामानाने सोपा गेला. ड्रोन, संगीत, मोकळी जागाच जागा. कोकणकडा किती खोल आहे हे सांगायला उंचीचा आकडा कामाचा नाही. ‘टोकाला तिघं पोटावर आडवे पडून खाली डोकावतात. खाली ढग.’ एवढ्याने काकांनी पाय आखडून घेतले. उरलेल्या मिनिटभरात मी काहीच बोलले नाही. जागा मिळाली म्हणून भरायची, ही सवय या कामात फार वाईट.

व्हिडिओ तयार झाले तरी पोचवण्याचा भाग वेगळाच. यूट्यूबवर एकाच व्हिडिओला वेगळा ऑडिओ ट्रॅक जोडायची सोय संस्थेच्या चॅनेलला तेव्हा मिळाली नव्हती, म्हणून ‘वर्णनासह’ असं शीर्षकात लिहून वेगळे व्हिडिओ चढवले. शब्द शीर्षकाच्या सुरुवातीला, कारण स्क्रीन रीडरने यादी चाळणारा माणूस प्रत्येक शीर्षक शेवटपर्यंत ऐकत बसत नाही. संस्थेच्या स्वतःच्या साइटवर काकांनी टॉकबॅक, म्हणजे फोनमधला स्क्रीन रीडर, लावून प्लेअर उघडला तर ऐकू आलं, “अनलेबल्ड बटन. अनलेबल्ड बटन. अनलेबल्ड बटन.” म्हणजे एकाही बटणाला नाव नाही. वर्णन आत, आणि दाराला कडीच नाही. शेवटी एबल प्लेअर हा मुक्तस्रोत प्लेअर बसवला, त्यात वर्णनाचं वेगळं बटण आहे आणि सगळी बटणं नावासकट वाचली जातात. सोबत संवाद आणि वर्णन एकत्र असलेली लिखित प्रतही दिली. ज्यांना दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, त्यांना ती ब्रेल डिस्प्लेवर वाचता येते. ती करायला वेगळी मेहनत नसते, शीट तयारच असते.

या कामाचे पैसे मागताना अजूनही समोरचा विचारतोच, “किती लोक बघणार असं?” २०११च्या जनगणनेत पाहण्यात अडचण असलेल्यांची नोंद देशभरात ५० लाखांवर होती. पण आकडा सांगून काम मिळत नाही, हा माझा अनुभव. कायदा सांगितला तर थोडं मिळतं. दिव्यांगजन हक्क अधिनियम २०१६, कलम ४२. इलेक्ट्रॉनिक माध्यमं ऑडिओ डिस्क्रिप्शन, सांकेतिक भाषा आणि कॅप्शनसह उपलब्ध व्हावीत, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. बरीच वर्षं ते तसंच लिहिलेलं राहिलं. २०२३च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयाने एका मोठ्या हिंदी चित्रपटाच्या ओटीटी आवृत्तीला या सोयी द्यायला सांगितलं, आणि २०२४च्या मार्चमध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने चित्रपटगृहांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांना आणि गोव्याच्या इफ्फीला येणाऱ्या चित्रपटांना २०२५पासून ऑडिओ डिस्क्रिप्शन लागतं, तेव्हापासून मराठी निर्मात्यांचेही फोन येऊ लागलेत. बहुतेकांना ते चार दिवसांत आणि शेवटच्या चार दिवसांत हवं असतं.

काकांना या सगळ्याचं फारसं कौतुक नाही. ते म्हणतात, आमच्या घरी हे कायद्याच्या आधीपासून चालू आहे. सिनेमाला गेले की एका बाजूला मुलगी बसते आणि कानात सांगत राहते. पुढच्या रांगेतले वळून बघतात, शूऽऽ करतात. अमेरिकेत १९८१मध्ये वॉशिंग्टनच्या अरीना स्टेज या नाट्यगृहात मार्गारेट फॅनस्टील या स्वतः दृष्टिहीन असलेल्या बाईंनी होणाऱ्या पतीसह हीच कुजबुज हेडफोनमधून रीतसर सुरू केली, असं मी त्यांना सांगितलं. काका म्हणाले, “बरोबर आहे. बायको शेजारी असली की सुचतं.” मुलीबद्दल त्यांची एकच तक्रार आहे, तिला जे आवडत नाही ते ती सांगत नाही. मारामारी सुरू झाली की नुसतं “मारतायत” म्हणते.

पैठणीची फिल्म त्यांनी त्याच मुलीबरोबर ऐकली, ती बघत होती आणि ते ऐकत होते. कांडीच्या जागी दोघं एकदमच हसल्याचं तिने मला फोनवर सांगितलं.

सध्या कोल्हापुरी चपलांवरचं काम चालू आहे. या वेळी शूटिंगलाच मी आणि ताई दोघी गेलो होतो, एडिटची वाट न बघता. मुलाखत घेणाऱ्या मुलाला आधीच सांगून ठेवलं होतं: कारागीर ‘हे’, ‘असं’, ‘इथून’ म्हणाले की विचारायचं, म्हणजे कसं, कुठून. उत्तर संपल्यावर तीन सेकंद गप्प राहायचं. प्रत्येकाने सुरुवातीला स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडाने घ्यायचं. कॅमेरामन वैतागला होता, त्याला तीन सेकंदांची शांतता म्हणजे फुटेजची नासाडी वाटते.

कारागीर मामा पहिल्याच वाक्याला म्हणाले, “हे असं धरायचं आणि असं ओढायचं.” मुलाने विचारलं, “असं म्हणजे कसं, मामा?” मामांनी त्याच्याकडे बघितलं, डोळे आहेत की नाहीत अशा नजरेने. मग ताई दिसल्या. रापी खाली ठेवली, जरा विचार केला आणि सावकाश म्हणाले, “तळ डाव्या मांडीखाली दाबून धरायचा. आरीनं भोक पाडायचं, सरळ नाही, तिरकं. चामड्याची वादी खालून वर घ्यायची आणि दातात धरून ओढायची, हातानं ओढली तर सैल राहती.” दातात धरायचं ते कॅमेऱ्यात आलंच नाही, तो तेव्हा त्यांच्या पायांवर होता. आवाज स्वच्छ आलाय. तो टेक ठेवलाय.